जीव नेमका कशाने वाचला? खऱ्या घटनांवरची पुस्तकं आणि सिनेमे

कातळकडा (धागाकर्ता)

या धाग्यावर एकच नियम: ‘दुर्दम्य इच्छाशक्ती’ हे शब्द वापरायचे नाहीत. जे मेले त्यांचीही जगायची इच्छा काही कमी नव्हती. पाणी कुठून आलं, दोर किती पुरला, हिशेब कुठे चुकला हे ज्यातून कळतं अशीच पुस्तकं आणि सिनेमे सांगा. सिनेमाने काय गाळलं, काय घुसडलं तेही येऊ द्या.

सुरुवात अँडीजपासून. १३ ऑक्टोबर १९७२ ला उरुग्वेच्या हवाई दलाचं फेअरचाइल्ड विमान मेंडोसाहून सँटियागोला निघालं. आत ४५ माणसं. त्यांतली बरीचशी ‘ओल्ड ख्रिश्चन्स’ रग्बी क्लबची पोरं, त्यांचे मित्र आणि नातेवाईक. खाली ढगांचं झाकण. प्लांचोन खिंडीपासून क्युरिको गाव ११ मिनिटांवर, पण तीनच मिनिटांत ‘क्युरिको आलं’ असं रेडिओवर कळवलं गेलं. मग विमान उत्तरेला वळून खाली येऊ लागलं. चिलीतलं सपाट मैदान म्हणून ते जिथे उतरत होते तिथे अजून डोंगरच होते. विमान तिथेच आदळलं. ७२ दिवसांनी १६ जण परत आले.

आता मुद्द्याचं. जिकडे तिकडे बर्फ असूनही पहिली अडचण पाण्याची. बर्फ नुसता चघळला तर ओठ-तोंड फाटतं आणि तो वितळवायला अंगातलीच ऊब खर्ची पडते. जळण जवळजवळ नाहीच. फितो स्ट्राउखने आसनांच्या पाठीतले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे काढले, पन्हळीसारखे वाकवले, त्यावर बर्फाचा पातळ थर पसरला आणि पत्रा उन्हाकडे तोंड करून ठेवला. थेंब थेंब बाटलीत. ऊन गेलं की कारखाना बंद. वैमानिकांच्या खोलीतल्या रंगीत सनशेडचे गॉगलही त्याचेच, नाहीतर बर्फावरच्या उन्हाने डोळे गेले असते. मऊ बर्फात मांडीपर्यंत पाय रुततात म्हणून आसनांच्या गाद्या पायांना बांधल्या.

२९ ऑक्टोबरला हिमलोट आला आणि विमानाचा सांगाडा बर्फाखाली गेला. आठजण तिथेच संपले. बाकीच्यांची हवा संपत आली तेव्हा नांदो पार्रादोने सामानाच्या फडताळाचा लोखंडी दांडा वर खुपसून भोक पाडलं. या दांड्याचा उल्लेख बहुतेक परीक्षणांत सापडणार नाही.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू मात्र झोपायची पिशवी. आधीच्या मोहिमा परत फिरल्या त्या चढामुळे नाही, उघड्यावरच्या रात्रीमुळे. तुटलेल्या शेपटीच्या भागात गरम हवेच्या नळ्यांभोवती गुंडाळलेलं इन्सुलेशन सापडलं. ते तांब्याच्या तारेने शिवून तिघांपुरती पिशवी केली. ती तयार झाल्यावरच १२ डिसेंबरला पार्रादो, कानेसा आणि विझिंतिन निघाले. माथ्यावर पोचल्यावर समोर हिरवी दरी नव्हती, आणखी डोंगरच होते. तेव्हा विझिंतिनला परत पाठवलं. कारण साधं: तिघांचं अन्न दोघांना जास्त दिवस पुरेल. त्याग वगैरे नंतरच्या लेखांत आला, तिथे तो भागाकार होता.

पिअर्स पॉल रीडचं ‘अलाइव्ह’ (१९७४) घटनेनंतर दोन वर्षांच्या आत, जिवंत राहिलेल्यांशी बोलून लिहिलेलं. कोण काय काम करायचं, वाटप कसं व्हायचं याचा जमाखर्च त्यात उत्तम आहे. पार्रादोचं ‘मिरॅकल इन द अँडीज’ (२००६) आतल्या बाजूने लिहिलेलं. सिनेमांत १९९३ चा इंग्रजी ‘अलाइव्ह’ पाहून सोडून द्यावा. २०२३ चा स्पॅनिश ‘सोसायटी ऑफ द स्नो’ मात्र दोनदा पाहण्यासारखा.

---

गाठमारे

नियम आवडला. मग माझ्याकडून ‘टचिंग द व्हॉइड’. जो सिम्पसनचं पुस्तक १९८८ चं, केविन मॅकडोनल्डचा सिनेमा २००३ चा. १९८५, पेरूतलं सिउला ग्रांदे, ६,३४४ मीटर. जो आणि सायमन येट्स पश्चिम भिंतीने माथ्यावर गेले आणि उत्तरेच्या धारेवरून उतरताना जोचा पाय मोडला. नडगीचं हाड गुडघ्यात घुसलं.

‘दोर कापला’ एवढंच लोकांना ठाऊक असतं. तो का कापावा लागला हे गाठ समजल्याशिवाय कळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

त्यांच्याकडे साधारण ४५ मीटरचे दोन दोर. सायमनने ते जोडून ९० मीटरचा एक केला. उतारात बसायला बर्फात खुर्चीसारखा खड्डा खणायचा, त्यात पाय रोवून बसायचं आणि कमरेच्या बिले प्लेटमधून (दोराला ब्रेक लावणारी पट्टी) दोर सोडत जोला खाली घसरू द्यायचं. ४५ मीटर गेले की जोडाची गाठ प्लेटपाशी येते आणि अडकते. गाठ प्लेटमधून जात नाही. दोरावर भार असेल तर दोर प्लेटमधून काढताही येत नाही. म्हणून त्या क्षणी जोने चांगल्या पायावर उभं राहून दोर ढिला करायचा. तेवढ्यात सायमन दोर प्लेटमधून काढतो, गाठ पलीकडे घेतो, पुन्हा अडकवतो आणि उरलेले ४५ मीटर सोडतो. मग जो खाली नवा खड्डा खणायला लागतो आणि सायमन पाठीमागून उतरतो. खड्डा एका खेपेपुरता टिकायचा, वजनाने कडा ढासळायच्या.

अशा कितीतरी खेपा झाल्या. सुमारे ९०० मीटर उतरले, वादळात, अंधार पडेपर्यंत. मग एका खेपेला जो कड्याच्या ओठावरून खाली गेला आणि अधांतरी लटकला. आता तो उभा राहणार कशावर? दोर ढिला होणार नाही, म्हणजे गाठ ओलांडता येणार नाही. वाऱ्यात हाक ऐकू जात नाही. वर सायमनची खुर्ची ढासळतेय.

जोने प्रुसिकने वर चढायचा प्रयत्न केला. प्रुसिक म्हणजे बारीक दोरीचे दोन फास मुख्य दोराला गुंडाळायचे. भार पडला की आवळतात, सोडला की सरकतात. एकावर लटकायचं, दुसरा वर सरकवायचा. त्याची बोटं गोठलेली होती. एक फास हातातून निसटला. एका फासावर चढता येत नाही, विषय संपला. वर दीडेक तास धरून बसल्यावर सायमनने सुरी काढली. ताणलेला दोर कापायला जोर लागत नाही, पातं टेकलं की पुरतं.

---

शंकेखोर

मग दोर जोडायचाच कशाला? ४५-४५ मीटरच्या खेपा केल्या असत्या तर गाठीची भानगडच नव्हती.

---

गाठमारे

खेपा दुप्पट झाल्या असत्या. प्रत्येक खेपेला नवा खड्डा, तोही भुसभुशीत बर्फात. उजेड संपत होता आणि स्वयंपाकाचा गॅस आधीच संपलेला. गॅस नाही म्हणजे पाणी नाही, हे वर अँडीजमध्ये आलंच आहे. त्या रात्री थांबणं परवडणारं नव्हतं. पुस्तकातली खरी गोम गॅसच आहे, पण दोर कापण्याच्या प्रसंगापुढे ती कोणाच्या लक्षात राहत नाही.

राहिलेलं सांगून टाकतो. जो कपारीत पडला आणि तिथल्या बर्फाच्या पुलावर अडकला. सायमन वर मेलेला असेल, त्याचं वजन दोराला असेल, या समजाने त्याने दोर ओढला. दोर हलकाच आला आणि टोक कापलेलं दिसलं. वर चढणं जमेना, तेव्हा त्याने आइस स्क्रू ठोकून स्वतःला आणखी खाली सोडलं. दोराच्या टोकाला गाठ मारली नाही, मुद्दाम. दोर संपला तर संपला, लटकत राहायचं नाही. खाली बर्फाची जमीन निघाली आणि तिथून उताराने बाहेर पडता आलं. त्यानंतर तीन दिवस सरपटत तळावर. वीस मिनिटांत त्या खडकापर्यंत पोचायचं, अशी घड्याळ लावून स्वतःला दिलेली छोटी उद्दिष्टं पुस्तकात आहेत. सायमनचा निर्णय बरोबर होता असं लिहिणारा पहिला माणूस जो स्वतः आहे. बाहेरच्यांनी उगाच खटला चालवला.

सिनेमात दोघेही स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलतात, चढाईचे प्रसंग नटांनी केलेत. जो वाचणार हे पहिल्या पाच मिनिटांतच कळतं, तरी हात घामेजतात.

---

बोरूबहाद्दर

पूर्ण सहमत. वाचनखूण साठवली.

‘१२७ अवर्स’ बद्दल काय मत? मला तो फार चकचकीत वाटला.

---

गाठमारे

डॅनी बॉयलचा आहे, चकचकीत असणारच. पण यंत्रणा चांगली दाखवलीय. २६ एप्रिल २००३, युटामधली ब्लूजॉन कॅन्यन, सुमारे ३६० किलोचा दगड, खाली एरन रॉल्स्टनचा उजवा हात. जवळ साधारण ३५० मिलिलिटर पाणी आणि दोन बरिटो.

त्याने दोर आणि कॅराबिनर (गिर्यारोहकांची उघडझाप होणारी कडी) वापरून दगड उचलायला कप्प्यांची मांडणी केली होती. ती का फसली हे पाहा. गिर्यारोहणाचा दोर मुद्दाम लवचीक असतो, पडणाऱ्याला झटका बसू नये म्हणून. ओढलं की आधी दोरच लांबतो. उरलेली ताकद कॅराबिनरवरच्या घर्षणात जाते, कारण कॅराबिनर म्हणजे कप्पी नव्हे.

पाच दिवस लागले ते धैर्य गोळा करायला नव्हे. स्वस्तातल्या मल्टिटूलच्या बोथट पात्याने हाड कापलं जात नाही, हा अडसर होता. शेवटच्या सकाळी त्याच्या लक्षात आलं की हात अडकलेला आहे, म्हणजे अंगाचाच तरफेसारखा उपयोग करून हाडं मोडता येतील. दोन्ही हाडं मोडल्यावर उरलं ते मांस, आणि ते सुरीने होतं. मग एका हाताने वीसेक मीटरचा कडा दोरावरून उतरला आणि चालत निघाला.

घुसडलेला प्रसंग: सुरुवातीला दोघी मुलींबरोबर तळ्यात उड्या मारतो तो. तसं घडलं नव्हतं, हे रॉल्स्टननेच सांगितलंय. न घुसडलेली चूक: कुठे चाललोय हे त्याने एकाही माणसाला सांगितलं नव्हतं.

---

शीडनाखवा

समुद्रावर या आता. शॅकल्टनची अंटार्क्टिक मोहीम.

‘एन्ड्युरन्स’ जहाज जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रातल्या बर्फात अडकलं, ऑक्टोबरअखेर सोडून द्यावं लागलं, नोव्हेंबरमध्ये बुडालं. २८ माणसं. बर्फावर महिने काढून एप्रिल १९१६ मध्ये होड्यांनी एलिफंट बेटावर. तिथे कोणी फिरकण्याची शक्यता शून्य. म्हणून २४ एप्रिलला सहाजण ‘जेम्स केर्ड’ नावाच्या साडेबावीस फुटी होडीतून दक्षिण जॉर्जियाला निघाले. सुमारे ८०० सागरी मैल, जगातल्या सगळ्यात खवळलेल्या पाण्यातून.

होडी उघडी होती. सुतार मॅक्निशने बर्फगाडीच्या धावपट्ट्या, खोक्यांची झाकणं आणि कॅनव्हास यांचं डेक ठोकलं. फटी बुजवायला दिव्याच्या वाती, मोहिमेतल्या चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचं रक्त. वाटेत शिंतोडे डेकवर गोठून होडी जड व्हायला लागली. वरचं वजन वाढलं की होडी उलटते. म्हणून पाळीपाळीने निसरड्या डेकवर पालथं पडून बर्फ फोडायचा.

दिशा शोधणारा वर्स्ली. सूर्य दिसायला हवा, क्षितिज दिसायला हवं, होडी क्षणभर लाटेच्या माथ्यावर हवी आणि सेक्स्टंट (सूर्याची उंची मोजायचं उपकरण) धरणाऱ्याला दोघांनी धरून ठेवायला हवं. पूर्ण प्रवासात हे चारदा जमलं. तेवढ्यावर वर्स्लीने बेट गाठलं. बेट हुकलं असतं तर वारा पश्चिमेचा, म्हणजे परत फिरणं अशक्य. त्यामुळे मुद्दाम पश्चिम किनाऱ्यावर रोख धरला. देवमाशांच्या शिकाऱ्यांच्या वसाहती मात्र पलीकडच्या किनाऱ्यावर. होडीची अवस्था पुन्हा समुद्रात घालण्यासारखी राहिली नव्हती.

मग शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन नकाशात कोऱ्या असलेल्या डोंगरांतून ३६ तास चालले. सामान: ५० फूट दोर, सुताराची तासणी कुऱ्हाड म्हणून आणि बुटांच्या तळव्यांत होडीचे पितळी स्क्रू, एकेका बुटाला आठ. तेही मॅक्निशनेच बसवले. एलिफंट बेटावरच्या २२ जणांना चिलीच्या ‘येल्चो’ने ३० ऑगस्टला उचललं, लुईस पार्दोच्या हाताखाली. सगळे जिवंत.

अल्फ्रेड लॅन्सिंगचं ‘एन्ड्युरन्स’ (१९५९) हे यावरचं पहिलं वाचावं असं पुस्तक. मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्लीचा ‘साउथ’ (१९१९) हा सिनेमा तर त्याच मोहिमेत चित्रित झालेला आहे. बर्फावर सामान हलकं करायचं म्हणून हर्ली आणि शॅकल्टनने फोटोंच्या काचेच्या सुमारे १२० प्लेट्स ठेवल्या आणि ४०० च्या आसपास जागेवरच फोडल्या, पुढे मोह नको म्हणून.

---

खवट

दोन टाचण्या टोचतो.

एक, प्रत्येक व्यवस्थापन-शिबिरात दाखवतात ती ‘धोकादायक प्रवासासाठी माणसे हवीत’ ही शॅकल्टनची जाहिरात. मूळ वर्तमानपत्रातलं कात्रण आजवर कोणालाही सापडलेलं नाही.

दोन, ज्याच्या हातच्या डेकमुळे सहा माणसं तरली त्या मॅक्निशला ध्रुवीय पदक मिळालं नाही. बर्फावर असताना त्याने हुकूम मानायला नकार दिला होता, ते शॅकल्टनने लक्षात ठेवलं. ‘सगळे जिवंत परतले’ हेही अर्धंच. त्याच मोहिमेची दुसरी तुकडी रॉस समुद्राच्या बाजूला शॅकल्टनसाठी अन्नाचे साठे लावत होती. त्यांच्यातले तिघं मेले. ज्याच्यासाठी साठे लावले तो त्या बाजूला पोचलाच नाही.

आणि हर्लीबाबत: बेटावरून सुटका होतानाचा म्हणून गाजलेला फोटो खरं तर ‘जेम्स केर्ड’ निघतानाचा आहे. रंगरंगोटी करून ‘सुटका’ झाली.

---

शीडनाखवा

मान्य. पदकाचं तर लाजिरवाणंच.

---

खवट

‘सत्यघटनेवर आधारित’ या पाटीबद्दलच थोडं. ‘द रेव्हनंट’ (२०१५) घ्या. ह्यू ग्लासवर १८२३ मध्ये अस्वलाने हल्ला केला, दोघा सोबत्यांनी त्याला टाकून दिलं, तो तीनशेहून अधिक किलोमीटर सरपटत-चालत फोर्ट कायोवाला पोचला, इथवर ठीक. पण हल्ला ऑगस्टमधला, सिनेमात बर्फ. खून होणारा मुलगा पदरचा. आणि सूड? ग्लासने दोघांना गाठलं आणि दोघांनाही सोडून दिलं. त्यातला एक सैन्यात भरती झाला होता, त्याला हात लावणं महागात पडलं असतं. दिग्दर्शकाला हा शेवट चालला नाही, कारण तिकीट सूडाचं काढलेलं असतं.

याहून मोठं प्रकरण ‘द लाँग वॉक’ (१९५६). स्लावोमिर रावित्सचं आत्मकथन: सायबेरियातल्या छावणीतून पळून गोबी आणि हिमालय पार करत हिंदुस्थानात. त्यावरून २०१० मध्ये पीटर वीअरचा ‘द वे बॅक’ आला. २००६ साली बीबीसीने कागद शोधले तेव्हा निघालं की १९४२ मध्ये रावित्सला माफी देऊन सोडण्यात आलं होतं. पुस्तकात वाळवंटात दिवसेंदिवस पाण्याशिवाय चालण्याची वर्णनं आहेत. कागदपत्रं नसती तरी तिथेच शंका यायला हवी होती.

---

मापकाटा

आधी समुद्रावरचं पाणी सांगतो, मग अंतराळ.

स्टीव्हन कॅलाहन, ‘अड्रिफ्ट’ (१९८६). कॅनरी बेटांहून निघालेली त्याची छोटी नौका फेब्रुवारी १९८२ मध्ये बुडाली, बहुधा देवमाशाच्या धडकेने. ७६ दिवस रबरी तराफ्यावर. त्याच्याकडे तीन सौर ऊर्ध्वपातक होते. हवा भरलेला प्लास्टिकचा फुगा, आत काळं कापड. कापड समुद्राच्या पाण्याने ओलं ठेवायचं. उन्हाने वाफ होते, फुग्याच्या आतून थेंब जमतात आणि खाली गोळा होतात. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात कापड जास्त ओलं झालं की खारं पाणी गोड्यात टपकतं आणि फुगा ढिला पडला की त्याची आतली बाजू कापडाला टेकून सगळं खारट होतं. त्याने तीनपैकी एक फाडला, आत नेमकं काय चालतं ते पाहण्यासाठी. दोन राहिले, पण चालवता आले. दिवसाला जेमतेम अर्धा लिटर. एखादा माणूस तिसरा ‘राखीव’ म्हणून ठेवून तहानेने मेला असता.

४३ व्या दिवशी भाल्याच्या तुटलेल्या टोकासकट माशाने तराफ्याची खालची नळी फाडली. ठिगळ सुटायचं, पुन्हा बांधायचं, पुन्हा सुटायचं. दहा दिवस हवा भरत आणि पाणी उपसत गेले. ओल्या, हलत्या रबरावर चिकटवणं होत नाही, बांधणंच करावं लागतं आणि दाब आला की बांधणी सरकते. त्या दहा दिवसांची प्रकरणं वाचताना दम लागतो. तीन पेन्सिलींचा सेक्स्टंट करून त्याने अक्षांशाचा अंदाज ठेवला होता. त्याने स्वतः काढलेली चित्रं पुस्तकात आहेत, ती चुकवू नका. वाटेत नऊ जहाजं दिसली, एकही थांबलं नाही. शेवटी ग्वादलूपजवळच्या कोळ्यांनी उचलला, तेही त्याचे मदतीचे प्रकाशबाण पाहून नव्हे. तराफ्याखाली जमलेल्या माशांवर पक्षी घिरट्या घालत होते, म्हणून ते मासेमारीला आले होते.

‘लाइफ ऑफ पाय’ काल्पनिक आहे, पण त्या सिनेमाला तराफ्यावरच्या जगण्याचा सल्लागार हाच माणूस होता.

आता अपोलो १३, वाटेत स्फोट झालेली चंद्रमोहीम. रॉन हॉवर्डचा सिनेमा १९९५ चा, लव्हेल आणि क्लूगर यांचं पुस्तक ‘लॉस्ट मून’ १९९४ चं. सिनेमा स्फोटाचं कारण एका वाक्यात उडवतो, खरी साखळी त्याहून सुरस आहे. ऑक्सिजनची टाकी क्रमांक २ कारखान्यात पाचेक सेंटिमीटरवरून आपटली होती. त्यामुळे उड्डाणाआधीच्या चाचणीत ती नीट रिकामी होईना. मग आतला हीटर चालवून ऑक्सिजन उकळून काढायचं ठरलं. हीटरचा तापमान-नियंत्रक २८ व्होल्टसाठी बनवलेला, तळावरची वीज ६५ व्होल्ट. त्याचे स्पर्शक वितळून चिकटले, हीटर बंदच झाला नाही. तापमापकाचा काटा २७ अंश सेल्सिअसच्या पुढे दाखवतच नसे, त्यामुळे पाहणाऱ्याला सगळं आलबेल. आत पाचशे अंशांच्या वर. तारांवरचं वेष्टन जळालं. टाकी भरून आकाशात गेली आणि १३ एप्रिल १९७० ला पंखा लावल्यावर ठिणगी पडली.

कार्बन डायऑक्साइडचा प्रसंग सिनेमात छान आहे. चंद्रावर उतरायचं यान दोघांसाठी दोनेक दिवसांपुरतं, स्फोटानंतर त्यात बसले तिघं आणि चार दिवस. हवा शुद्ध करणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे तिथले गोल, मुख्य यानातले चौकोनी. चौकोनी डबे तिथे जोडायला प्लास्टिकची पिशवी, उड्डाण-पुस्तिकेचा पुठ्ठा, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी. पुठ्ठा कशाला? पंखा हवा ओढतो तेव्हा पिशवी आत खेचली जाऊन डब्याचं तोंड बंद होतं; पुठ्ठा तिला कमानीसारखा उचलून धरतो.

अंतराळवीरांतली भांडणं सिनेमाची. ‘अपयश हा पर्याय नाही’ हे वाक्यही सिनेमासाठी लिहिलेलं. मोहिमेचा उड्डाणसंचालक जीन क्रान्झने नंतर ते आपल्या पुस्तकाला नाव म्हणून घेतलं, ही गंमत.

---

सुई

थायलंडची थाम लुआंग गुहा कोणी घेतली नाही अजून. २३ जून २०१८ ला १२ मुलं आणि प्रशिक्षक आत अडकले, २ जुलैला सापडले, १० जुलैला शेवटचा बाहेर आला. ‘द रेस्क्यू’ (२०२१) हा माहितीपट आणि ‘थर्टीन लाइव्ज’ (२०२२) हा सिनेमा, दोन्ही पाहा, माहितीपट आधी.

सापडल्यावरच खरा पेच सुरू झाला. पाण्याखालून, गढूळ पाण्यात, अरुंद फटींतून तीनेक तास. जागं मूल घाबरलं तर स्वतः मरेल आणि नेणाऱ्यालाही मारेल. ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस, जो स्वतः गुहांत बुडी मारतो, त्याने भूल दिली. आधी अल्प्राझोलामची गोळी, भीती कमी करायला. मग अ‍ॅट्रोपिन, तोंडात लाळ साचू नये म्हणून. मुखवट्यात लाळ म्हणजे गुदमरणं. मग स्नायूत केटामिन. केटामिनच का? त्यात श्वास सहसा चालू राहतो आणि रक्तदाब कोसळत नाही. असर अर्धा-पाऊण तासाचा, म्हणून वाटेत पुन्हा टोचायचं, आणि ते टोचणार डॉक्टर नव्हे तर पाणबुडे. हॅरिसने त्यांना तिथेच शिकवलं. पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा, आत हवेचा दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त, म्हणजे कडेने फट पडली तरी हवा बाहेर जाईल, पाणी आत येणार नाही. हात पाठीमागे बांधलेले, अर्धवट जाग आली तर मुखवटा ओढू नये म्हणून.

मधल्या काळात पंपांनी पाणी उपसणं आणि डोंगरावरचे ओहोळ वळवणं चालू होतं. वळवलेलं पाणी खालच्या भातशेतीत गेलं, शेतकऱ्यांनी पीक बुडू दिलं. सिनेमाने ही बाजू नीट धरली आहे. समान कुनान हा नौदलाचा माजी पाणबुडा टाक्या पोचवून येताना हवा संपून गेला, तेही.

---

बोरूबहाद्दर

सगळं डोंगर-समुद्र-गुहा चाललंय. खाटेवरचं जगणं चालेल का इथे?

---

सुई

चालेल की. ‘द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय’. फ्रेंच मासिकाचा संपादक ज्याँ-दॉमिनिक बोबी. डिसेंबर १९९५ मध्ये मेंदूचा झटका आला, शुद्ध शाबूत आणि हलते फक्त डोळ्याची डावी पापणी. पूर्ण पुस्तक त्या पापणीने लिहिलं.

पद्धत बघा. लिहून घेणारी मुळाक्षरं म्हणत जाते, हवं ते अक्षर आलं की तो पापणी लववतो. नेहमीच्या क्रमाने म्हटली तर शेवटच्या अक्षरांना फार वेळ लागतो. म्हणून फ्रेंचमध्ये जास्त येणारी अक्षरं आधी: ई, एस, ए, आर, आय, एन, टी, यू, एल... चुकीच्या वेळी पापणी लवली की शब्द भलताच. म्हणून तो पहाटे परिच्छेद मनात पूर्ण रचून, पाठ करून ठेवायचा. लिहिताना खाडाखोड परवडणारी नव्हती. वाक्यं इतकी नेटकी का आहेत, त्याचं उत्तर यात आहे. पुस्तक मार्च १९९७ मध्ये आलं आणि काही दिवसांतच तो गेला. २००७ चा सिनेमा सुरुवातीचा बराच वेळ त्याच्या डोळ्याच्या आतून दिसतो.

---

शीडनाखवा

खाणकामगारांबद्दल एक परिच्छेद. चिलीची सान होसे खाण, २०१०, ३३ जण, ६९ दिवस. पहिले १७ दिवस वर कोणाला ठाऊकच नव्हतं की ते जिवंत आहेत. आश्रयखोलीत जेमतेम दोन-तीन दिवसांचं अन्न. प्रत्येकाला ४८ तासांत चमचाभर-दोन चमचे ट्यूना असं वाटून पुरवलं. वरून शोधाचं ड्रिल आलं तेव्हा त्याच्या टोकाला चिठ्ठी बांधली. हेक्टर तोबारचं ‘डीप डाउन डार्क’ (२०१४) वाचा, ‘द ३३’ (२०१५) हा सिनेमा टाळला तरी चालेल. भोकातून कॅप्सूलने एकेकाला काढण्याची युक्ती आपल्याकडे १९८९ मध्येच राणीगंजच्या महाबीर खाणीत वापरून झाली होती; जसवंतसिंग गिल स्वतः कॅप्सूलमधून खाली उतरले आणि ६५ जण वर आले. ‘मिशन राणीगंज’ (२०२३) त्यावरच आहे, पण त्यात खलनायक जास्त आणि ड्रिलिंग कमी.

---

शंकेखोर

कातळकडा, अँडीजकडे परत येतो. ते पश्चिमेलाच का गेले? पूर्वेला वीसेक किलोमीटरवर एक बंद हॉटेल होतं असं वाचलंय. मग हा सगळा पराक्रम चुकीच्या दिशेला झाला म्हणायचा का?

---

कातळकडा (धागाकर्ता)

हॉटेल होतं. पण त्यांच्याकडे माहिती काय होती ते पाहा. मरता मरता सहवैमानिक सांगत राहिला की आपण क्युरिको ओलांडलंय. उंचीमापक सात हजार फुटांवर अडकलेला. प्रत्यक्षात ते साडेतीन हजार मीटरच्या वर होते. दोन्ही चुका एकाच दिशेला बोट दाखवत होत्या: आपण चिलीच्या बाजूच्या पायथ्याशी आहोत, पश्चिमेला एक डोंगर ओलांडला की झालं. नकाशा होता, पण स्वतःची जागाच चुकीची धरली तर नकाशा उलट फसवतो.

आणि पूर्वेला ते गेलेच नव्हते असं नाही. नोव्हेंबरमध्ये तिकडे निघाले तेव्हाच शेपटी सापडली, म्हणजे पिशवीचं इन्सुलेशन आणि बॅटऱ्याही. त्या बॅटऱ्यांनी विमानाचा रेडिओ चालवायला कित्येक दिवस घालवले. बॅटरी २४ व्होल्ट एकदिश (डीसी), रेडिओला हवी ११५ व्होल्ट प्रत्यावर्ती (एसी). कितीही तारा जोडल्या तरी तो चालणार नव्हता. ‘सोसायटी ऑफ द स्नो’मध्ये ही खटपट आहे, कारण मात्र ओझरतं येतं.

डिसेंबरमध्ये पश्चिमेचा चढ चढताना कानेसाला मागे, पूर्वेकडे दूरवर एक रेघ दिसली. रस्ता असावा असं त्याला वाटलं, परत फिरून तिकडे जाऊ म्हणाला. पार्रादोने ऐकलं नाही. निघाल्यापासून दहाएक दिवस चालल्यावर नदीपलीकडे सेर्जियो कातालान हा गुराखी दिसला. पाण्याच्या आवाजात शब्द पोचेनात, म्हणून त्याने कागद-पेन्सिल दगडाला बांधून पलीकडे फेकली आणि परत आलेली चिठ्ठी वाचून घोड्यावर दहाएक तास जाऊन पोलिसांना गाठलं. कानेसाचं ऐकलं असतं तर काय, हा वाद रीडच्या पुस्तकात चढाच्या प्रकरणात आहे. ते वाचून या, मग भांडू.